नाटक अपुरे असताना ते ऐकायचे कसे: ऑकलंडमधील नवोदित पॅसिफिक नाटककारांबरोबरच्या कामातून

पुण्यात अनेक वर्षे एकांकिका बसवून आता ऑकलंडला स्थायिक झालेल्या एका रंगकर्मीने मला एक प्रश्न विचारला आहे. दक्षिण ऑकलंडमधील एका कलाकेंद्राने त्यांच्याकडे सहा नवोदित पॅसिफिक, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या समाजांतल्या, नाटककारांसाठी कार्यशाळा घेण्याचे आणि शेवटी त्यांच्या नाटकांची जाहीर वाचने करण्याचे काम सोपवले आहे. कार्यशाळेची आखणी कशी करावी, वाचनाला कोणाला बोलवावे, नंतरची चर्चा कशी चालवावी, आणि पैसे दोन्हींना पुरणार नसतील तर कशाला प्राधान्य द्यावे, असे त्यांचे विचारणे आहे. मी गेली अठरा वर्षे याच शहरात ड्रामाटर्ग म्हणून काम करते, म्हणजे लेखकाच्या शेजारी बसून त्याची संहिता वाचते, प्रश्न विचारते आणि तालमीत लेखकाच्या वतीने कान उघडे ठेवते. मी स्वतः पॅसिफिक समाजातली नाही, तुम्हीही नाही. या गोष्टीचा उत्तराशी जवळचा संबंध आहे, म्हणून ती आधीच सांगते.

मराठी रंगभूमीवरून येणाऱ्या माणसाच्या मनात ‘नाट्यवाचन’ या शब्दाबरोबर दोन चित्रे येतात. एकात लेखक स्वतः निर्मात्यापुढे आणि नटसंचापुढे नाटक वाचून दाखवतो, आणि त्याच्या वाचनातच नाटकाचे भवितव्य पुष्कळसे ठरून जाते. दुसऱ्यात नामवंत नट एखाद्या गाजलेल्या नाटकाचे अभिवाचन करतात, आणि तो प्रयोगाइतकाच घोटून बसवलेला कार्यक्रम असतो. तुम्हाला जे करायचे आहे ते या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. येथे लेखक वाचत नाही, ऐकतो. वाचणारे दुसरे असतात, संहिता अपुरी असते, ती अपुरी आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि सगळा खटाटोप लेखकाला स्वतःचे नाटक दुसऱ्यांच्या तोंडून, आपल्या माणसांच्या सोबतीने ऐकता यावे यासाठी असतो. वेळ, जागा, नट, जेवण, चर्चेचे नियम हे सगळे निर्णय या एका हेतूवरून ठरवले तर बहुतेक चुका टळतात. पैसे देणाऱ्या संस्थेला कार्यक्रम दाखवण्याचा हेतू मध्ये शिरला, की तेच वाचन लेखकाची परीक्षा होऊन बसते.

‘नवोदित’ या शब्दाने फसू नका. तुमच्यापुढचे सहा जण लेखनात नवे असतील, पण ते ज्या परंपरेत उभे आहेत ती नवी नाही. क्राइस्टचर्चमध्ये १९९३ साली ‘पॅसिफिक अंडरग्राउंड’ ही मंडळी उभी राहिली आणि त्याच वर्षी ऑस्कर काइटली व सायमन स्मॉल यांचे ‘फ्रेश ऑफ द बोट’ रंगभूमीवर आले. काइटली यांचे ‘डॉन रेड्स’ १९९७ चे. १९७० च्या दशकात पोलिसांनी पहाटे पॅसिफिक कुटुंबांच्या घरांवर घातलेले छापे हा त्याचा विषय. त्या छाप्यांबद्दल सरकारने औपचारिक माफी मागितली ती १ ऑगस्ट २०२१ रोजी, ऑकलंड टाउन हॉलमध्ये, आणि त्या वेळी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सामोअन ‘इफोंगा’ या क्षमायाचनेच्या विधीप्रमाणे स्वतःला विणलेल्या चटईखाली झाकून घेतले होते. म्हणजे नाटक माफीच्या चोवीस वर्षे आधी लिहिले गेले होते. माकेरिता उराले यांच्या ‘फ्रँजिपनी परफ्यूम’मध्ये साफसफाईचे काम करणाऱ्या तीन सामोअन बहिणी आहेत. डायना फुएमाना यांनी १९९९ मध्ये ‘मापाकी’मधून न्युएअन स्त्रीचा आवाज रंगमंचावर आणला. अल्बर्ट वेंट यांच्यासारखा ज्येष्ठ कादंबरीकार २००३ मध्ये ‘द साँगमेकर्स चेअर’ घेऊन नाटकाकडे वळला. न्यूझीलंडबाहेर पाहिले तर होनोलुलूतील कुमु काहुआ ही नाटकमंडळी १९७१ पासून हवाईतल्या लेखकांची नाटके करत आली आहे, आणि व्हानुआतूमध्ये ‘वान स्मॉलबॅग’ १९८९ पासून बिस्लामा भाषेत नाटके करते. तुमच्या लेखकांनी यातले काय पाहिले, काय वाचले हे पहिल्याच दिवशी विचारा. पुष्कळांनी काहीच वाचलेले नसते, कारण शाळेत ते त्यांच्या हाती कधी दिलेच गेलेले नसते. म्हणून कार्यशाळेच्या खोलीत या संहितांचे एक खोके ठेवा आणि त्या घरी न्यायला मुभा द्या. नाटककारांची प्रतिनिधी संस्था असलेले ‘प्लेमार्केट’ १९७३ पासून न्यूझीलंडमधील संहितांचे काम पाहते. नव्या लेखकांना त्यांची ओळख पहिल्याच महिन्यात करून देणे हा तुमच्या कामाचा भाग समजा.

‘पॅसिफिक’ हाही एक शब्द असला तरी एक समाज नाही. २०२३ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये स्वतःला पॅसिफिक म्हणवणारे सुमारे ४ लाख ४२ हजार लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ नऊ टक्के. त्यांत सामोअन, टोंगन, कुक बेटांचे माओरी, न्युएअन, फिजियन, टोकेलाउअन, तुवालुअन असे निरनिराळ्या भाषांचे आणि इतिहासांचे लोक आहेत. न्युए बेटावर आज दोन हजारांहून कमी माणसे राहतात आणि न्यूझीलंडमध्ये तीस हजारांहून अधिक न्युएअन आहेत. त्या समाजातील लेखिका आईची भाषा लिहिते तेव्हा ती भाषा बोलणारी नटी मिळवणे हेच एक मोठे काम असते. सहा लेखकांची निवड करताना सगळे सामोअन किंवा सगळे टोंगन निघाले तर ते वाईट नाही, पण मग कार्यशाळेला ‘पॅसिफिक’ म्हणताना आपण कोणाला वगळले याची जाणीव ठेवा.

आता हे लेखक नाटकाकडे कोठून येतात ते पाहा, कारण कार्यशाळेची आखणी त्यावर अवलंबून आहे. नाट्यगृहातून आलेले फार थोडे असतात. सामोअन चर्चमध्ये ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ‘व्हाइट संडे’ साजरा होतो. त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली मुले बायबलमधील प्रसंग नाट्यरूपाने सादर करतात, पाठ केलेली वचने म्हणतात, आणि समोर सगळे कुटुंब बसलेले असते. टोंगन मुलांसाठी मे महिन्यातला ‘फाका मे’ असाच असतो. माझ्याबरोबर काम केलेल्या बहुतेक लेखकांचा पहिला रंगमंच हाच होता, आणि चौकातल्या गणेशोत्सवात पहिल्यांदा तोंडाला रंग लावलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्याखेरीज सामोआत ‘फाले आइतु’ ही जुनी विनोदी नाट्यपरंपरा आहे. शब्दशः अर्थ भुतांचे घर. नट आइतु, म्हणजे भूत, झाल्यामुळे एरवी बोलता येणार नाही असे सरदारांविषयी, पाद्र्यांविषयी, वडीलधाऱ्यांविषयी बोलू शकतो आणि ज्यांच्यावर बोलले तेही हसतात. वक्तृत्वाची परंपरा तर इतकी समृद्ध आहे की ‘तुलाफाले’ म्हणजे वक्ता सरदार, हे समाजव्यवस्थेतले एक पद आहे. हे सारे ज्याच्या कानात आहे त्याला संवाद लिहायला शिकवण्याची गरज बहुधा नसते. त्याला गरज असते ती हे सारे नाटकात चालते असे कोणीतरी गंभीरपणे सांगण्याची.

म्हणून पहिल्या दोन बैठकांत संहिता मागू नका. ‘तालानोआ’ हा शब्द टोंगा, सामोआ, फिजी या सर्व ठिकाणी ऐकू येतो. कार्यसूची न लावता, घाई न करता, एकमेकांना सांगत आणि ऐकत जाणे असा त्याचा ढोबळ अर्थ. त्या बैठका तशाच होऊ द्या. प्रार्थनेने सुरुवात करण्याची इच्छा कोणी व्यक्त केली तर ती होऊ द्या, आणि तुम्ही ज्या भूमीवर आहात तेथील माओरींचा, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, मान आधी राखा. खाणे भरपूर ठेवा. चहा-बिस्किटांवर भागवू नका, बसून जेवता येईल असे काहीतरी असू द्या. रविवारी काहीही ठेवू नका: सकाळी चर्च असते आणि नंतर सामोअन घरांत ‘तोओनाइ’ हे एकत्र जेवण असते. ज्यांच्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी आहे त्यांना ती मुले घेऊन येऊ द्या आणि शेजारच्या खोलीत त्यांच्याकडे पाहणारे कोणी नेमा. येण्याजाण्याचा खर्च द्या. मानधन तर द्याच, आणि ते शेवटी न देता सुरुवातीपासून द्या, कारण रात्रपाळी सोडून येणाऱ्या लेखकासाठी कार्यशाळेचा प्रत्येक दिवस बुडालेल्या पगाराचा असतो. या सगळ्याला आयोजनाच्या किरकोळ बाबी समजणाऱ्या कार्यशाळांमधून तिसऱ्या आठवड्यापासून माणसे गळू लागतात आणि मग ‘त्यांच्यात शिस्त नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. मी तो निष्कर्ष अनेकदा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी तो चुकीचा होता.

याच पहिल्या टप्प्यात एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: ही गोष्ट कोणाची आहे? नवोदित लेखक स्वतःच्या घराविषयी लिहितो, आणि या समाजांत घर म्हणजे आई, बाप, मुले एवढेच नसते. आजोबांची पदवी, गावाचे नाव, दोन घराण्यांतला जुना वाद यांतले काहीही नाटकात आले तर ते शेकडो माणसांचे होते. सामोअन वंशावळीला ‘गाफा’ म्हणतात, त्यातला ग अनुनासिक, जवळजवळ ‘ङ’ सारखा. ती सर्वांसमोर मांडण्याची वस्तू नाही. टाटाउ, म्हणजे अंगावरचे गोंदण, तेही तसेच: पुरुषांच्या ‘पेआ’चा किंवा स्त्रियांच्या ‘मालु’चा उल्लेख रंगसूचनेत सहज येऊन जातो, पण ते रंगमंचावर खोटे रंगवून दाखवावे का, कोणी दाखवावे, याचे उत्तर तुम्ही किंवा मी देऊ शकत नाही. अशा प्रश्नांसाठी प्रत्येक लेखकाने आपल्या समाजातली एक जाणती व्यक्ती निवडावी आणि तुम्ही त्या व्यक्तीलाही मानधन द्यावे. परवानगी घेण्याने लेखन भित्रे होते असा एक आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव असा की ज्याने मावशीला आधी विचारले त्याच्या हातून अधिक धीट प्रवेश उतरतो, कारण तिने त्याला खोटे कोठे आहे तेही सांगितलेले असते.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेला मार्गदर्शक सर्वांत जास्त नुकसान तेथेच करतो. सामोअनमध्ये उच्चाराच्या दोन पद्धती आहेत. चर्च, शाळा, आकाशवाणी, लेखन येथे ‘त’ची पद्धत चालते, घरात, रस्त्यावर, मित्रांत ‘क’ची. मुलगा या अर्थाचा ‘तामा’ बोलताना ‘कामा’ होतो, आणि ‘न’ची जागा ‘ङ’ घेतो. पहिलीला ‘ताउताला लेलेइ’, चांगले बोलणे, आणि दुसरीला ‘ताउताला लेआङा’, वाईट बोलणे, असे म्हणतात खरे, पण गावसभेत भाषण करणारा वक्ता सरदारही ‘क’च वापरतो, तेव्हा हा शिष्ट-अशिष्ट असा सरळ भेद नाही. त्यावर आदराची वेगळी शब्दसंपत्ती: साधे घर ‘फाले’, उच्च सरदाराचे घर ‘माओता’, वक्त्याचे घर ‘लाओआ’. टोंगनमध्ये तर राजासाठी, सरदारांसाठी आणि सामान्यांसाठी असे तीन स्तर आहेत. खाणे या एका क्रियेसाठी सामान्यांना ‘काइ’, सरदारांना ‘इलो’ आणि राजाला ‘ताउमाफा’. एखादा मुलगा पाद्र्याशी ‘त’ने बोलता बोलता मध्येच ‘क’वर घसरतो तेव्हा त्या एका अक्षरात प्रवेशाचा कलाटणीचा क्षण असू शकतो. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी एकाएकी पुस्तकी मराठी आली की आपल्या प्रेक्षकाला जे कळते, तेच येथे त्यांच्या प्रेक्षकाला कळते. तुम्हाला ते ऐकू येणार नाही, मलाही पुष्कळदा येत नाही. म्हणून ‘हे इंग्रजी प्रेक्षकाला समजेल का’ हा प्रश्न कार्यशाळेत तुम्ही विचारू नका. संहितेला शब्दार्थांची यादी जोडू नका, आणि पात्राला दुसऱ्या पात्राचे वाक्य भाषांतर करून पुन्हा बोलायला लावू नका. लेखकाला हवे असेल तर तो स्वतः मार्ग काढतो, आणि त्याचा मार्ग आपल्या सूचनेपेक्षा सरस असतो.

रचनेबाबत मात्र तुम्ही गप्प बसू नये, आणि येथे माझे मत थोडे अप्रिय आहे. एका बाजूला असे मार्गदर्शक असतात जे प्रत्येक नाटकात नायक, त्याची इच्छा, अडथळा आणि अखेरचा संघर्ष शोधतात. पॅसिफिक नाटकांत पुष्कळदा केंद्रस्थानी एक माणूस नसून माणसांमधले नाते असते. ‘वा’ या संकल्पनेविषयी अल्बर्ट वेंट यांनी लिहिले आहे: दोन माणसांमधली जागा रिकामी नसते आणि ती त्यांना तोडत नाही, ती त्यांना जोडते. ती जागा सांभाळणे हे कर्तव्य मानले जाते आणि ती बिघडणे हीच नाट्यवस्तू असू शकते. तेव्हा नायक सापडत नाही म्हणून नाटक कच्चे ठरवणे ही आपली वाचनातली चूक आहे. दुसऱ्या बाजूला असेही मार्गदर्शक भेटतात जे संस्कृतीच्या धाकाने काहीच बोलत नाहीत, चाळीस पानांचा पसरट पहिला अंक ऐकून ‘किती सुंदर’ म्हणतात आणि घरी जातात. हा आदर नव्हे. तिसऱ्या प्रवेशातली माहिती पहिल्याच प्रवेशात येऊन गेली आहे, बहीण आणि आत्या या दोन पात्रांचे काम एकच आहे, शेवटचे पत्र कोणी वाचत नाही: हे सांगणे तुमचे काम आहे आणि लेखक त्यासाठीच आलेला आहे. फक्त उपाय सांगू नका. अडचण कोठे ऐकू आली तेवढे सांगा.

कार्यशाळेनंतर लगेच जाहीर वाचन ठेवू नका. मध्ये बंद दाराआडचे एक वाचन हवे, ज्यात टेबलाभोवती नट, लेखक, ड्रामाटर्ग आणि दिग्दर्शक एवढेच असतील. त्यानंतर निदान तीन आठवडे पुनर्लेखनासाठी द्या. बंद वाचनात नटांकडून अभिनय मागू नका, वेगही मागू नका. कोठे जीभ अडखळते, कोठे नट आपणहून थांबतो, कोणते वाक्य प्रत्येकजण वेगळे वाचतो याच्या खुणा करा. याच टप्प्यावर नाटकाचे अर्धे दोष लेखकाला आपोआप कळतात, कोणी काही न बोलता.

जाहीर वाचनाच्या तांत्रिक बाबी थोडक्यात सांगते. नव्वद मिनिटांपेक्षा मोठे वाचन ठेवू नका. नाटक मोठे असेल तर लेखकाला जे ऐकायचे आहे तेवढेच प्रवेश घ्या. नटांना दोन दिवस तालीम द्या, त्याहून अधिक नको, कारण अधिक तालमीत नट संहितेची भोके अभिनयाने बुजवू लागतात आणि लेखकाला ती ऐकू येत नाहीत. रंगसूचना वाचायला एक स्वतंत्र आणि चांगला वाचक हवा. नटांपैकीच कोणाकडे ते काम सोपवू नका, आणि कोणत्या रंगसूचना वाचायच्या ते आधी लेखकाबरोबर बसून ठरवा. उभे स्टँड, बसायला खुर्च्या, पुरेसा उजेड, मोठ्या अक्षरांतल्या एका बाजूने छापलेल्या प्रती, इतके पुरे. हालचाली बसवू नका, ध्वनिपरिणाम नकोत; मात्र स्तोत्र किंवा गाणे असेल तर ते खरोखर गायले जावे, कारण चर्चमध्ये वाढलेल्या प्रेक्षकांतले अर्धे लोक सुरात सूर मिसळतात आणि तो क्षण लेखकाला पुढे प्रयोगाबद्दल पुष्कळ काही सांगतो. आदल्या दिवशी संध्याकाळनंतर नवी पाने स्वीकारू नका. ध्वनिमुद्रण करा, पण ते लेखकाच्या ताब्यात द्या आणि इतर कोणालाही, पैसे देणाऱ्या संस्थेलासुद्धा, देऊ नका.

आता जागा आणि प्रेक्षक यांविषयी, आणि येथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. मी आयोजनात असलेले पहिले जाहीर वाचन शहराच्या मध्यभागी, एका नाट्यगृहाच्या छोट्या दालनात, आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सहाला होते. लेखक टोंगन होता, बावीस वर्षांचा. त्याची आई कामावरून दोन बस बदलून आली, शेवटच्या रांगेत बसली, आणि चर्चा सुरू होताच उठून गेली. चर्चेत एका अनुभवी दिग्दर्शकाने पहिल्यांदा हात वर केला आणि पंधरा मिनिटे नाटक कसे दुरुस्त करावे ते सांगितले. त्याचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल. पण त्याच्यानंतर खोलीतल्या एकाही टोंगन माणसाने तोंड उघडले नाही, आणि त्या मुलाने पुढची दोन वर्षे एक ओळ लिहिली नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी त्या दिग्दर्शकाला थांबवायला हवे होते. वयाचा आणि नावाचा मान राखण्याच्या सवयीमुळे मी थांबवले नाही.

त्यानंतर मी वाचने लेखकाच्या माणसांना चालत येता येईल अशा ठिकाणी ठेवू लागले: चर्चचे सभागृह, शाळा, ग्रंथालय, किंवा २०१० मध्ये सुरू झालेल्या मांगेरे आर्ट्स सेंटरसारखी वस्तीतली नाट्यगृहे. अशा ठिकाणी मावश्या हाका मारतात, पात्राला सल्ला देतात, दुःखाच्या जागीही कधी मोठ्याने हसतात. हा गोंधळ नाही. लेखकाला हवी असलेली माहिती तीच आहे. शहरातल्या नाट्यसंस्थांचे कार्यक्रम ठरवणारे लोकही बोलवा, पण त्यांना इकडे यायला सांगा आणि त्यांच्यासाठी पहिली रांग राखून ठेवू नका.

चर्चेसाठी मी अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांच्या पद्धतीतले टप्पे घेते आणि ते येथल्या लोकांना मानवतील असे वाकवते. आधी ऐकणारे फक्त एवढेच सांगतात की काय लक्षात राहिले, काय भिडले. मग लेखक प्रश्न विचारतो. हे तीन-चार प्रश्न आम्ही आदल्या दिवशी मिळून लिहून ठेवलेले असतात, आणि ते नेमके असतात, उदाहरणार्थ ‘आजीला सत्य कधीपासून ठाऊक होते असे तुम्हाला वाटले?’ त्यानंतर श्रोते लेखकाला प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवलेले नसावे. मत द्यायचे असेल तर कोणत्या गोष्टीविषयी ते सांगून आधी लेखकाची परवानगी घ्यायची, आणि लेखक नको म्हणू शकतो. यात मी घातलेली भर अशी की पहिल्या टप्प्यात समाजातल्या वडीलधाऱ्यांना आधी बोलण्याची विनंती करते, कारण ते बोलले नाहीत तर धाकटे बोलणार नाहीत, आणि त्यांना हवे तर त्यांच्या भाषेत बोलू देते. भाषांतर लेखकापुरते हळू आवाजात होते. एकूण अर्धा तास. नंतर जेवण. खरे बोलणे पुष्कळदा जेवताना होते, तेव्हा लेखकाला पाहुण्यांच्या घोळक्यात एकटे सोडू नका.

कठीण विषयांची तयारी आधीपासून करावी लागते. छाप्यांच्या काळात पहाटे दारावर पडलेली थाप ज्यांनी स्वतः ऐकली ते लोक अजून आहेत आणि ते वाचनाला येतील. व्हिक्टर रॉजर यांचे २०१३ मधील ‘ब्लॅक फॅगॉट’ हे समलिंगी सामोअन पुरुषांच्या आयुष्यावरचे नाटक दोनच नटांनी उभे केले. चर्चच्या छायेत वाढलेला तुमचा एखादा लेखकही अशाच विषयाकडे वळेल आणि त्याचे घरचे तिसऱ्या रांगेत बसलेले असतील. त्याला विचारा की तो त्यासाठी तयार आहे का. नसेल तर वाचन बंद दाराआडच ठेवा, किंवा वर्षभर थांबा. नाटक कोठे जात नाही. टुसिआटा आव्हिया यांचे ‘वाइल्ड डॉग्ज अंडर माय स्कर्ट’ २००२ मध्ये एकपात्री होते, मग २००४ मध्ये कवितासंग्रह झाले, २०१६ मध्ये मांगेरे येथे सहा स्त्रियांनी ते सामूहिक प्रयोग म्हणून उभे केले आणि २०२० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. इतका वेळ घेण्याचा हक्क तुमच्या लेखकांनाही आहे.

याची दुसरी बाजूही आहे. वाचनाला वाचने जोडत राहणे हा संस्थांसाठी सोयीचा मार्ग आहे, कारण वाचन स्वस्त असते आणि अहवालात प्रयोगाइतकेच चांगले दिसते. एकाच नाटकाची चार वर्षांत पाच वाचने झालेली आणि प्रयोग एकही न झालेला असे लेखक मला ठाऊक आहेत. त्यांतले बहुतेक पॅसिफिक किंवा माओरी. म्हणून पहिल्या वाचनाच्या आधीच त्यापुढची पायरी लिहून घ्या: कोणत्या संस्थेचे कोण ऐकायला येणार आणि किती आठवड्यांत हो किंवा नाही कळवणार. नकारही लेखी मागा. ज्यांचे प्रयोग झालेले नाहीत अशा संहितांसाठी अ‍ॅडम पुरस्कार आहे आणि त्यात पॅसिफिक नाटककारासाठी वेगळा विभागही आहे. डी. एफ. मामेआ यांच्या ‘स्टिल लाइफ विथ चिकन्स’ला २०१७ मध्ये तो मुख्य पुरस्कार मिळाला आणि ते पुढे रंगमंचावर आले. तारीख पाहून लेखकाबरोबर तो अर्ज भरा. वेलिंग्टनमध्ये होने कोउका आणि मिरीया जॉर्ज यांच्या तावाता प्रॉडक्शन्सने २०१० पासून माओरी व पॅसिफिक लेखकांच्या नव्या संहितांसाठी मातारिकी, म्हणजे माओरी नववर्षाच्या, काळातला महोत्सव उभा केला; त्या मंडळींचे काम जवळून पाहणे हे माझ्यासारखीच्या उत्तरापेक्षा तुम्हाला अधिक शिकवील. संहितेचे सर्व हक्क लेखकाकडेच राहतील, कलाकेंद्राला पहिल्या प्रयोगाचा हक्क आपोआप मिळणार नाही, हेही करारात असू द्या. कराराचा मसुदा त्यांना घरी नेऊन दाखवायला वेळ द्या.

राहिला पैशांचा प्रश्न. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर जाहीर वाचन सोडा. सहाऐवजी तीन लेखक घ्या, त्यांना पूर्ण मानधन द्या, त्यांच्या भाषा बोलणारे नट दोन दिवस टेबलाभोवती बसवा आणि पुनर्लेखनानंतर पुन्हा एक दिवस बसवा. पैसे देणाऱ्या संस्थेला जाहीर कार्यक्रमच हवा असेल तर ज्यांचे नाटक तयार आहे अशा एखाद्या ज्येष्ठ पॅसिफिक नाटककाराला बोलवून त्याच्या संहितेचे वाचन ठेवा आणि तुमच्या तीन लेखकांना श्रोत्यांत बसवा. आणि कलाकेंद्राशी पुढचे बोलणे करण्यापूर्वी त्यांना एवढे जरूर विचारा की या कामाचे सूत्रसंचालक म्हणून तुमच्याबरोबर कोण पॅसिफिक रंगकर्मी असणार आहे. तसे कोणी ठरले नसेल तर तुमच्या मानधनाचा अर्धा भाग त्या व्यक्तीसाठी बाजूला काढायला सांगा आणि कार्यशाळेची तारीख ती व्यक्ती सापडल्यावरच ठरवा.